खडा कोणता, पथ्य कोणतं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

संत नामदेवांची आणि कुत्र्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. कोरडी कशाला खातोस, म्हणाले. मुक्या जिवावरची माया आपल्याकडे अशी वाढण्यातूनच दिसते. ताटातला शेवटचा घास, दुधात कुस्करलेली पोळी, सणासुदीची हाडं. आज मात्र मला थोड्या वेगळ्या मायेबद्दल बोलायचं आहे. तिथं वाटी काही दिवस बाजूला ठेवावी लागते, मोजून घालावं लागतं आणि काय घालायचं ते आधी तपासून घ्यावं लागतं. विषय आहे कुत्र्यांच्या लघवीतले स्फटिक, मुतखडा आणि संसर्ग. आणि त्यात आहाराचं काम कुठं सुरू होतं नि कुठं संपतं.

कवीनं या विषयावर का बोलावं, असं कुणालाही वाटेल. मी पोस्टात नोकरी करतो, मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहितो. पशुवैद्यकाशी माझा संबंध आला तो बिजलीमुळं. बिजली म्हणजे आमची गावठी कुत्री, वजन अठरा किलो, मुक्काम अंगणात. ती आजारी पडली तेव्हा तिच्या डॉक्टरबाईंना मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही हे लोकांना सांगत का नाही?" म्हणून आज सांगतो आहे.

सुरुवात माझ्या मुलीच्या एका वाक्यानं झाली. "अब्बा, बिजली सकाळपासून पाचव्यांदा बसली, आणि दर वेळी चारच थेंब." मग आम्ही लक्ष ठेवलं. ती बसायची, जोर करायची, उठायची, पुन्हा दोन पावलांवर बसायची. लघवीला उग्र वास येत होता आणि फरशीवर फिकट गुलाबी डाग दिसला. श्रोतेहो, ही लक्षणं ध्यानात ठेवा. वारंवार थोडी थोडी लघवी, कुंथणं, रक्त, उग्र वास, मागच्या जागी सतत चाटणं, शिकलेल्या कुत्र्यानं अचानक घरात लघवी करणं. यातली शेवटची गोष्ट आपण खोडी समजतो आणि कुत्र्याला रागावतो. पुष्कळदा ती खोडी नसते, दुखणं असतं.

डॉक्टरबाईंनी लघवीचा नमुना तिथल्या तिथं घेतला आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी म्हटलं, घरून बाटलीत भरून आणली असती. त्या म्हणाल्या, नमुना तासाभराच्या आत तपासलेला बरा. बाटली फ्रिजमध्ये राहिली की थंडाव्यानं त्यात नवे स्फटिक तयार होतात. ते कुत्र्याच्या पोटात नसतातच, बाटलीत जन्मलेले असतात. आणि त्यांच्यावर आपण औषधपाणी सुरू करून बसतो.

त्यांनी मलाही भिंगातून पाहू दिलं. पारदर्शक, कडा कापल्यासारखे, पेटीच्या उतरत्या झाकणासारखे तुकडे. दिसायला फार सुंदर. त्याचं नाव स्ट्रुवाइट. मग त्यांनी मला जे सांगितलं ते या सगळ्या विषयाचं मूळ आहे. स्फटिक दिसले म्हणजे आजार झाला असं नाही. धडधाकट कुत्र्याच्या लघवीतही स्ट्रुवाइटचे स्फटिक सापडतात. त्रास नसेल, संसर्ग नसेल, खडा नसेल, तर नुसत्या स्फटिकांसाठी पथ्याची गरज सहसा नसते. बिजलीला मात्र तिन्ही गोष्टी होत्या. एक्स-रेत लघवीच्या पिशवीत हरभऱ्याएवढे दोन खडे स्पष्ट दिसत होते.

या स्ट्रुवाइटच्या नावाची हकिगत मी नंतर वाचली. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात सेंट निकोलाय चर्चच्या पायाचं खोदकाम चाललं होतं. तिथल्या जुन्या शेणखताच्या थरात हे स्फटिक सापडले. १८४५ साली गेओर्ग उलेक्स या रसायनतज्ज्ञानं त्यांना हाइनरिख फॉन स्ट्रुव्ह या निसर्ग-अभ्यासकाचं नाव दिलं. शेणखतात सापडलेली वस्तू कुत्र्याच्या पोटात कशी? तर दोन्हीकडे कारखाना एकच. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकत्र आले की स्ट्रुवाइट बनतो.

युरिया म्हणजे काय ते शेतकरी मंडळींना सांगायला नको. तो लघवीतही असतो. काही जातीचे जंतू असे असतात, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस किंवा प्रोटियस, की ते युरिया फोडून त्याचा अमोनिया करतात. अमोनिया वाढला की लघवी आम्लाकडून अल्कलीकडे झुकते. अशा लघवीत स्ट्रुवाइट विरघळलेला राहत नाही, त्याचे कण खाली बसतात, कणाला कण चिकटतो आणि खडा वाढतो. कुत्र्यांमधला स्ट्रुवाइटचा खडा बहुतेक वेळा असा जंतूंनी घडवलेला असतो. मांजरांमध्ये तसं नसतं, तिथं तो बहुधा जंतूंशिवायच होतो. म्हणून मांजराचा उपाय कुत्र्याला लावू नये. कुत्रीची मूत्रनलिका आखूड असते, जंतू लवकर वर चढतात, म्हणून हा त्रास माद्यांना अधिक.

आता यातून काय निघतं पाहा. खडा जंतूंनी घडवला असेल तर नुसतं खाणं बदलून भागणार नाही. कारागीर आत बसलेलाच राहील. आणि नुसतं औषध देऊनही भागणार नाही, कारण जंतू खड्याच्या थरांत दडलेले असतात. खडा विरघळू लागला की ते मोकळे होतात. म्हणून औषध आणि पथ्य दोन्ही एकत्र, आणि दोन्ही डॉक्टरांच्या नजरेखाली.

औषधाचंही एक शास्त्र आहे. बिजलीच्या पोटावरून बारीक सुई थेट पिशवीत घालून नमुना घेतला आणि कल्चरला पाठवला. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतो, ते कल्चरवरून कळतं. गेल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या काढून देणं हा त्याला पर्याय नव्हे. साधा संसर्ग असेल तर हल्ली तीन ते पाच दिवसांचं औषधही पुरतं असं तज्ज्ञ मानतात. खडा असला की हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनी करायचा. आणि कुत्र्याला कसलाच त्रास नसताना तपासणीत केवळ जंतू सापडले, तर सहसा अँटिबायोटिक देऊ नये.

पूर्वी खडा म्हटला की शस्त्रक्रिया असंच समीकरण होतं. पण अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. स्ट्रुवाइटची शंका असेल तर आधी आहार आणि औषधानं तो विरघळवून पाहावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. या कामासाठी खास तयार केलेलं अन्न मिळतं. त्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी असतं, प्रथिनं बेतानं असतात, लघवी आम्लाकडे झुकेल अशी त्याची रचना असते. काही प्रकारांत मीठ थोडं जास्त असतं, म्हणजे कुत्रं पाणी जास्त पितं. हे अन्न म्हणजे औषधच आहे. वाढत्या पिल्लाला, गाभण कुत्रीला, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते विचारल्याशिवाय देऊ नये. तसंच मीठ वाढवायचं म्हणून घरच्या भातात आपल्या हातानं मीठ टाकू नये.

अट एकच होती. तेवढं अन्न आणि पाणी, दुसरं काहीही नाही. ही अट ऐकायला सोपी आहे. पाळायला मात्र अख्खं घर लागतं. आमची अम्मी भाकरीचा पहिला तुकडा बिजलीला टाकल्याशिवाय जेवायला बसत नाही. दूधवाला तिला बिस्किट देतो. शेजारच्या घरातून दर गुरुवारी प्रसादाचा शिरा येतो. आणि त्याच महिन्यात बकरी ईद होती. पाहुणे येणार, मटण शिजणार, हाडं उरणार. शेवटी मुलीनं मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, "बिजलीचं पथ्य चालू आहे, कृपया काही देऊ नये," आणि ती फाटकाला बांधली. अम्मीला पाटीचा राग आला. मग मी तिला म्हटलं, "अम्मी, तुझ्या साखरेच्या पथ्यात मी कधी बर्फी दिली का?" ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बिजलीच्या अन्नातलेच चार दाणे वाटीत घेऊन ती जेवायच्या आधी बाहेर जाऊ लागली. तिचा नेम राहिला आणि पथ्यही राहिलं.

अन्नाइतकंच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व पाण्याला आहे. खडा कोणत्याही जातीचा असो, पातळ लघवी हा सगळ्यांवरचा समान उपाय. साखरेचा पाक घट्ट झाला की कडेला खडे बसतात, पाणी घातलं की बसत नाहीत, तसंच हे. पाण्याची घनता एक धरली, तर खडे होणाऱ्या कुत्र्याच्या लघवीची घनता १.०२० च्या खाली ठेवावी असं तज्ज्ञ सांगतात. कुत्र्याला दिवसाला किलोमागं साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, त्यात अन्नातलं पाणीही धरायचं. कोरड्या दाणेदार अन्नात पाणी शेकडा दहाच्या आसपास असतं, तर डब्यातल्या ओल्या अन्नात शेकडा पंचाहत्तरच्या पुढं. ओलं अन्न महाग पडतं. आम्ही दाण्यांवर कोमट पाणी ओतून ते भिजवून देत होतो. अंगणात तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली आणि दोन वेळा घासून भरली. आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे तिला लघवीला जायची वेळोवेळी मोकळीक दिली. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडून संध्याकाळी एकदा फिरवणं म्हणजे जंतूंना आणि स्फटिकांना पिशवीत निवांत वेळ देणं.

मुसलमानाच्या घरी कुत्रं कसं, असं मला अधूनमधून विचारतात. राखणीच्या कुत्र्याला आमच्याकडे मनाई नाही. आणि विहिरीत उतरून, चामड्याच्या मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाल्याची गोष्ट आमच्या घरात लहानपणीच सांगितली जाते. पाण्याची भांडी भरायची जबाबदारी अम्मीनं आपणहून घेतली, ती त्या गोष्टीमुळंच असावी.

चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. खडे निम्म्यावर आले होते. आणखी पाच आठवड्यांनी पिशवी मोकळी दिसली, लघवीत जंतू नव्हते. मग डॉक्टरबाईंनी खास अन्न बंद केलं. याचं मला नवल वाटलं. पण त्यांचं म्हणणं असं, की जंतूंमुळं झालेल्या स्ट्रुवाइटला जन्मभर पथ्य लागत नाही. पुन्हा संसर्ग होऊ न देणं हेच त्याचं पथ्य. संसर्ग वारंवार होत असेल तर कारण शोधायचं. मधुमेह आहे का, लठ्ठपणामुळं कातडीच्या घड्या पडून तिथं ओल राहते का, आत कुठं खडा राहिला आहे का.

इथपर्यंतची हकिगत गोड आहे. पण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्याकडे ल्हासा अप्सो जातीचा नऊ वर्षांचा कुत्रा. बिजली बरी झाल्याचं ऐकून ते संध्याकाळी आले. "कविराज, आमच्या राजालाही तसंच होतंय हो. ती उरलेली पिशवी द्या ना. तुमची हजारभर रुपयांची वस्तू वाया जायची नाही, आणि आमचा दवाखाना वाचेल." मी म्हटलं, "सर, पिशवी तुमचीच आहे. पण आधी डॉक्टरबाईंना फोन करू." फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "धार येते का?" सर म्हणाले, "दुपारपासून थेंबच." "सकाळची वाट पाहू नका, आत्ता आणा," बाई म्हणाल्या.

नर कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खोबणीतून जाते. तिथं ती ताणली जाऊ शकत नाही. पिशवीतून निसटलेला खडा नेमका त्या खोबणीच्या तोंडाशी अडकतो. लघवी पूर्ण तुंबली की रक्तात विष साठू लागतं, कुत्रं ओकाऱ्या करतं, मलूल होतं, आणि दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. राजाचा खडा नळीवाटे पाण्याच्या दाबानं मागं पिशवीत ढकलला आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून सगळे खडे काढले. ते तपासणीला पाठवले. उत्तर आलं, कॅल्शियम ऑक्सलेट.

हा खडा वेगळ्या कुळातला. त्याचा जंतूंशी सहसा संबंध नसतो. तो ल्हासा अप्सो, शिट्झू, मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत, वयस्क नरांत जास्त आढळतो. त्याचे काही स्फटिक भिंगाखाली चौकोनी पाकिटासारखे दिसतात. पोस्टातल्या माणसाला ती खूण विसरता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तो कोणत्याही अन्नानं विरघळत नाही. उलट लघवी फार आम्ल केली तर त्याला पोषकच ठरतं. म्हणजे बिजलीला ज्या पिशवीनं बरं केलं, तीच पिशवी राजाच्या खड्याला मदत करणारी होती. आणि "पथ्य चालू आहे" या समाधानात आठवडा गेला असता. राजाला आठवडा नव्हता.

राजाचं पथ्य आता बिजलीच्या नेमकं उलट आहे. लघवी आम्ल होऊ द्यायची नाही, अन्न ओलं, पाणी भरपूर, पालक-बीट-तीळ टाळायचे, क आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं द्यायच्या नाहीत. आणि दर काही महिन्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफी, कारण हा खडा पुन्हा होण्याची खोड फार.

तिसरं कूळ डाल्मेशियनचं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या लघवीत युरिक आम्ल फार असतं, त्याचे युरेट खडे होतात. कारण रक्तातच आहे. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी त्यामागचं सदोष जनुक शोधलं. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ साली, रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. त्यातून ठिपके तेच, पण दोष नसलेली कुत्री निपजली. शुद्ध वंशाच्या अभिमान्यांनी ती मान्य करायला फार वेळ घेतला. अमेरिकन केनेल क्लबनं त्यांना प्रवेश दिला तो २०११ साली. नेहमीच्या डाल्मेशियनला मात्र कलेजी, गुर्दा, तारली मासा असं प्युरीनयुक्त खाणं टाळावं लागतं. अंडं, पनीर त्याला मानवतं. त्याची लघवी आम्ल नको, अल्कलीकडे हवी. युरेटचे खडे साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाहीत, सोनोग्राफी करावी लागते. इतर जातींच्या कुत्र्यात युरेट सापडलं तर यकृताच्या रक्तवाहिन्यांत जन्मतः दोष आहे का तेही पाहतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जनावरांचे खडे तपासणारं केंद्र आहे. दहा लाखांहून अधिक खडे तिथं तपासले गेले. सुरुवातीला कुत्र्यांच्या खड्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्ट्रुवाइट होते. पंचवीसेक वर्षांत ऑक्सलेट त्यांच्या बरोबरीला आला. तेव्हा "आमच्या कुत्र्याला असंच झालं होतं" हा दाखला कितीही मनापासून दिलेला असला, तरी त्याचा भरवसा नाही.

घरगुती उपायांबद्दलही विचारलं जातं. हुलग्याचं कढण, गोखरू, पानफुटी ही आपल्याकडची मुतखड्याची जुनी नावं. कुत्र्याचा खडा त्यांनी जातो याला पुरावा नाही. आणि कढणात कांदा-लसणाची फोडणी असेल तर तो कुत्र्याला अपायच, कारण कांदा-लसणानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी कुत्र्यांचा संसर्ग टळतो असंही खात्रीनं सिद्ध झालेलं नाही. व्हिनेगरनं लघवी आम्ल करायला जाल, तर खडा ऑक्सलेटचा निघेल. रोजचा दहीभात किंवा दूधपोळी हे प्रेमाचं अन्न असलं, तरी कुत्र्याचं पूर्ण अन्न नव्हे. घरीच शिजवून पथ्य करायचं असेल तर ते जरूर करता येतं, पण प्रमाण पशुवैद्यानं आखून द्यायला हवं.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. पोस्टातल्या पगारात मलाही तो जाणवला. पण लघवीची साधी तपासणी हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग, आणि तोच आपण टाळतो. मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही आहेत. जवळपास राहणाऱ्यांनी तिथं जरूर चौकशी करावी.

उद्या सकाळी कुत्र्याला बाहेर न्याल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि क्षणभर पाहा. धार आहे की थेंब, रंग कसा, कितीदा बसला, किती वेळ लागला. एवढं सांगता आलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. आणि नर कुत्रा कुंथतो आहे, पण लघवी येत नाही असं दिसलं, तर कुणालाही सल्ला विचारत बसू नका. रात्र असो, रविवार असो, गाडी काढा.